‘सर्वत्रगामी’ पिकअपच्या जाहिरातकारांस अनावृत पत्र

पाळी, तालुका डिचोली, गोवा.
नागपंचमी; बाहेर पाऊस.

पिकअप गाड्यांची माहितीपत्रके लिहिणाऱ्या अज्ञात परंतु प्रतिभावान महाशयांस,

सा. न. वि. वि.

आपले नाव, गाव वा हुद्दा यांपैकी काहीच मला ठाऊक नाही; तथापि गेल्या चार महिन्यांत आपल्या लेखणीशी माझा परिचय इतका दृढ झाला आहे की, सकाळच्या चहाबरोबर आपले एखादे पत्रक चाळले नाही तर संध्येतला एखादा मंत्र राहून गेल्याची चुटपुट लागते. एका निवृत्त शाळामास्तराला आपल्या काजू-नारळाच्या बागायतीसाठी एक पिकअप घ्यावयाची आहे, एवढेच मूळ प्रकरण. परंतु आपण त्याला जे उदात्त रूप दिले आहे ते पाहता, मी बोंडे आणि नारळ वाहण्यासाठी गाडी घेतो आहे की वानप्रस्थाची तयारी करतो आहे, असा संभ्रम माझ्या कुटुंबासही पडू लागला आहे.

आपल्या चित्रातील गाडी नेहमी एका निर्मनुष्य कड्यावर उभी असते. मागे सूर्य उगवत तरी असतो किंवा मावळत तरी. दारांवर चिखलाचे शिंतोडे असतात, पण ते रांगोळीसारखे बेताने उडवलेले. हौद्यात एक तंबू, एक सायकल आणि एक सतार नव्हे पण तत्सम विलायती वाद्य. आणि खाली ठसठशीत अक्षरांत असा मजकूर की, जेथे रस्ता संपतो तेथे हिचा प्रवास सुरू होतो. महाशय, आमचा रस्ता संपत नाही. तो असतो तेथेच असतो. फक्त पावसाळ्यात मध्येच खाली जातो आणि दहा हातांवर पुन्हा वर येतो, आणि त्या दहा हातांत त्याने काय केले याचा जबाब कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

शिवाय आपण ज्याला खडतर मार्ग म्हणता तो आपल्या चित्रात निसर्गाने निर्माण केलेला असतो. आमच्याकडील खडतरपणा मनुष्यनिर्मित आहे, आणि त्याचा मोबदलाही रोख मिळालेला आहे. पाळी, वेळगे, सुर्ल, पिसुर्ले, होंडा हा सारा टापू लोखंडी खनिजाचा. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकांत येथील डोंगर पोखरण्यास प्रारंभ झाला, तेव्हापासून खाणीतून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जने मांडवीतून मुरगाव बंदरात आणि तेथून जहाजाने परमुलखात, असा या मातीचा प्रवास चालत आला. आणि बैलगाड्यांच्या बेताने आखलेल्या गावरस्त्यांवरून दहा-दहा टनांचे ट्रक अशा अखंड रांगेने धावू लागले की, म्हाताऱ्या माणसाने पलीकडच्या दुकानात काडेपेटी आणायला निघताना घरी निरोप घेऊन निघावे. पलीकडे सोनशीच्या लोकांनी २०१७ साली धुळीला कंटाळून हे ट्रक रस्त्यातच अडवले होते. डांबराची उमर त्या काळात वर्षांनी मोजीत नसत, खेपांनी मोजीत.

ही मी तक्रार मांडतो आहे असे कृपया समजू नये. त्या रांगेतील कितीतरी ट्रक आमच्याच शेजाऱ्यांचे होते. बँकेच्या कर्जाने घेतलेले, पुढच्या काचेवर ग्रामदेवतेचे नाव लिहून आणि झेंडूचा हार घालून अंगणात आलेले. मग २०१२ च्या सप्टेंबरात, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल बाहेर पडताच, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मोहोर उठवली. २०१४ च्या एप्रिलात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्दबातल ठरून १६ मार्चपासून कामकाज पुन्हा ठप्प झाले. अंगणातले ट्रक अंगणातच राहिले. त्यांच्या हौद्यांत पावसाचे पाणी साचले, चाकांवरून दोडक्याचे वेल चढले, आणि एका घरी तर कोंबडीने चालकाच्या आसनावर अंडी उबवली. म्हणून ‘भरवशाची गाडी’ हे दोन शब्द आम्ही आपल्याहून किंचित जपून उच्चारतो. इंजिनात दोष नसताना, चालकात दोष नसताना, डिझेल भरलेले असताना गाडी बंद पडलेली आम्ही पाहिली आहे. चालू राहिली ती फक्त हप्त्याची तारीख.

असो. आपल्या पत्रकांनी प्रभावित होऊन मी एका शहरातील सुशोभित विक्रीदालनात गेलो. तेथील तरुणाने मला थंड पाणी दिले, आसन दिले, आणि अत्यंत आदराने विचारले, “सर, आपली लाइफस्टाइल काय?” मी म्हणालो, “नारळ.” त्याने ते लिहून घेतले. नंतर त्याने दुहेरी केबिनची एक देखणी गाडी दाखवली, जिच्यात पाच माणसे ऐसपैस बसतात आणि हौदा मात्र त्या प्रमाणात आखूड झालेला असतो. म्हणजे पाच माणसांनी बागेत जावे आणि परतताना नारळ मांडीवर घेऊन बसावे, अशी योजना असावी. किंमत तीस लाखांच्या घरात. सोंडेचा स्पर्शही न होता हत्तीने चिरडावे तसे मला वाटले आणि मी पाण्याबद्दल आभार मानून बाहेर पडलो.

आता मुद्द्याचे. आपले पत्रक अश्वशक्तीपासून आरंभ करते. आमचा विचार चिखलापासून सुरू होतो. बागेतून नारळ भरून निघालेली पिकअप लाल राडीतून सुखाने चढ चढते, आणि तीच गाडी माल उतरवून रिकामी परतताना त्याच चढावर मागची चाके जागच्या जागी फिरवीत बसते, हे प्रथमदर्शनी उफराटे वाटते. परंतु मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीला जमिनीची पकड मिळवून देणारा भार पाठीवरच असावा लागतो. यावर आमच्याकडील चालकाने शोधलेला उपाय म्हणजे मिरगापासून चतुर्थीपर्यंत हौद्यात, मागच्या आसावर येतील असे, आठ-दहा जांभे चिरे टाकून ठेवणे. हाच प्रकार आपल्या हाती लागता तर आपण त्याला ‘सर्वभूमी स्थैर्य प्रणाली’ असे नाव देऊन पंचवीस हजार अधिक लावले असते. चारही चाकांना जोर देणाऱ्या यंत्रणेची मी निंदा करीत नाही. ती आम्हाला वर्षातून तीन दिवस लागते, आणि त्या तीन दिवसांसाठी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर व त्याच्याशी राखलेले सौजन्य पुरते.

गाडीचा खरा जीव तिच्या पाट्यांत असतो. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची ही कमान शहरातल्या ग्राहकाला शस्त्रागारातील पुराणवस्तू वाटते, कारण रिकाम्या गाडीत ती बसणाऱ्याच्या मणक्यांची शिरगणती करते. पण हौद्यात दीड टन पडले की तीच कमान शांत होते आणि खड्ड्याला नमस्कार करून पुढे जाते. तिचा सर्वांत मोठा गुण असा की ती तुटते तेव्हा बहुधा एकच पट्टी तुटते, उरलेल्या पट्ट्या मालकाला घरापर्यंत पोचवतात, आणि दुरुस्तीस जॅक, पाने, हातोडा व शिव्यांचा मध्यम संग्रह एवढी सामग्री पुरते. आपल्या पत्रकात पाट्यांना अर्धी ओळ आहे. पडद्याला, ज्यावर गाणी दिसतात, दोन पाने.

धुळीविषयी तर आपण मौनच पाळले आहे. आमची धूळ ही साधी धूळ नव्हे. तिच्यात लोह आहे, ती जड आहे, बारीक आहे, आणि एअर फिल्टरमध्ये शिरली की तिला तेथे कायमची कूळवहिवाट मिळते. पाण्याविषयीही तसेच. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोली आणि पेडणे या तिन्ही तालुक्यांत एकाच वेळी पूर आला तेव्हा साकवांवरून पाणी गेले, आणि गाडीने किती खोल पाण्यातून जावे हा प्रश्न अश्वशक्तीचा नसून इंजिनात हवा कोणत्या उंचीवरून जाते याचा आहे, हे ज्यांनी परतण्याचे शहाणपण केले त्यांनाही कळले आणि ज्यांनी केले नाही त्यांना अधिक खर्चाने कळले.

आपण कदाचित जगाच्या इतिहासाचा दाखला द्याल. द्यावा. १९८७ साली आफ्रिकेतील चाडच्या सैनिकांनी हलक्या पिकअपवर शस्त्रे चढवून लिबियाचे रणगाडे पळवून लावले, आणि त्या युद्धाला टोयोटाचेच नाव पडले. हे मी वाचले आहे. परंतु वाळवंटात मिरग लागत नाही. एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाने २००३ साली त्याच टोयोटाची जुनी हायलक्स पिकअप समुद्राच्या भरतीत बुडवली आणि तरीही ती पुन्हा सुरू झाली, ही कथा तर आपल्या धंद्यातले हरिविजय म्हणून वाचली जाते. तीत एक अट होती, जी सांगताना सारे गाळतात: सुटे भाग मिळणार नाहीत, हातातल्या साध्या हत्यारांनीच गाडी चालू करायची. म्हणजे त्या दिवशी परीक्षेला गाडी एकटी बसली नव्हती. तिच्या शेजारी एक मेस्त्री बसला होता, आणि ती अशी होती की त्याच्या हाताला कळली.

हेच आपल्याला सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या नव्या प्रदूषण-नियमांनी गाडीच्या पोटात संवेदक बसले. त्याविरुद्ध मी अवाक्षर काढणार नाही, कारण ज्या गावाने दोन पिढ्या धूळ गिळली त्याने स्वच्छ धुराला नाक मुरडणे शोभत नाही. पण मीटरवर इंजिनातल्या बिघाडाचा पिवळा दिवा लागला की आमचा मेस्त्री पाना खाली ठेवतो आणि म्हणतो, लॅपटॉपवाल्याकडे न्या. आणि लॅपटॉपवाला तालुक्याबाहेर, सोमवारी, वेळ ठरवून भेटतो. तोवर झाडाखाली पडलेली काजूची बोंडे आंबत नाहीत असे नाही. ती फक्त भट्टीवर पोचण्यापूर्वीच आंबतात.

अखेर मी आमच्या त्या मेस्त्र्यालाच घेऊन गेलो, एक जुनी, एकेरी केबिनची, लांब हौद्याची पिकअप पाहायला. तिचा मालक पूर्वीचा खाणीचा ट्रकवाला. मेस्त्र्याने बॉनेट उघडलेच नाही. तो गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला, सांगाड्यावर पान्याने टकटक केले, पाट्यांमधला वाळलेला चिखल नखाने खरवडला, आणि पालथा बाहेर येत म्हणाला, “हीच घेयात, मास्तर. हिचें सामान म्हापशां मेळटा.” विशेषणांनी भरलेल्या आपल्या चाळीस पानांत मला जे वाक्य सापडले नव्हते, ते हे.

गाडी मंगळवारी घरी येईल. परवान्याचा प्रश्न नाही; साडेसात हजार किलोंपर्यंतचे एकूण वजन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केले आहे, आणि चालक म्हणून शेजाऱ्याचा मुलगा आहे, ज्याचा ट्रक अजून दोडक्याच्या वेलाखाली आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिच्या हौद्यात, गवताच्या गादीवर, चित्रशाळेतून गणपती येईल. आपण छायाचित्रकारासह अवश्य यावे. सूर्य मात्र मिळणार नाही.

आपला,
पाळीचा एक ग्राहक

ता. क. — येताना आपल्या चित्रातली गाडी आणू नये. वेळग्याच्या बाजूने येणार असाल तर चार चिरे पाठीवर घ्यावेत. उतरवून घेण्यास येथे माणसे आहेत, आणि माझ्या गोठ्याच्या भिंतीला नेमके चारच कमी पडत आहेत.