बंदूक ठेवली, आता तोंड उघडा

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं खाली ठेवली. त्याची पत्नी तारक्का त्याच वर्षी १ जानेवारीलाच शरण आली होती. चांगलं झालं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण यांनी आणि यांच्या माणसांनी ज्यांना मारलं, त्यांच्या घरच्यांना कोण काय सांगणार?

गडचिरोलीच्या एटापल्ली, भामरागड, धानोरा भागात हे वर्षानुवर्षं घडत आलं. रात्री माणसाला घरातून उठवून न्यायचं. सकाळी रस्त्यावर प्रेत आणि शेजारी चिठ्ठी, की हा पोलिसांचा खबऱ्या होता. पोलिसांत गुन्हा 'अज्ञात नक्षलवाद्यां'वर. तपास तिथेच अडतो, कारण साक्ष द्यायला कोण पुढे येईल? मागे उरतं ते खबऱ्याचं घर म्हणून नाव. तो खबऱ्या होता की नव्हता, या वादात मला शिरायचंच नाही. असता, तरी त्याला मारायचा अधिकार कुणाला नव्हता. एवढं एक वाक्य सरकारने त्या अंगणात जाऊन, गाव गोळा करून, मोठ्याने बोलायला हवं.

आत्मसमर्पणासाठी केंद्राच्या सूचनांत वरच्या पदावरच्याला पाच लाख, खालच्याला अडीच लाख आणि प्रशिक्षणाच्या काळात तीन वर्षांपर्यंत दरमहा दहा हजार आहेत. त्या पैशावर माझा राग नाही. परत येणाऱ्याला भाकरी मिळालीच पाहिजे, नाहीतर तो पुन्हा जंगलात जाईल. गंभीर गुन्ह्यांचे खटले चालूच राहतील, असंही त्याच सूचनांत आहे. मग चालवा की! साक्षीदार नाही, ही सबब आता संपली. कुणी हुकूम दिला, कोण घेऊन गेलं, कुठे मारलं, हे ज्यांना ठाऊक आहे तीच माणसं आज तुमच्या छावणीत बसली आहेत.

उत्तर न मिळालेलं घर कसं असतं, हे आम्हा बाभुळगावकरांना दुरून कळतं असं नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याने जीव दिला की प्रकरण समितीपुढे जातं, 'पात्र' ठरलं तर एक लाख, 'अपात्र' ठरलं तर काही नाही. लाख मिळालेल्या घरातही विचारून बघा. पैसे आले, खर्चले. हे कुणामुळे झालं, याचं उत्तर आलं नाही. ती सल पोरांच्या पिढीत उतरते. गडचिरोलीत तर मारणारा आणि मेलेल्याचा मुलगा उद्या एकाच आठवडी बाजारात समोरासमोर येणार आहेत.

कोलंबियाने पन्नास वर्षांच्या यादवीनंतर २०१६ मध्ये बंडखोरांशी करार केला आणि अट घातली, की शिक्षेत सूट हवी तर आधी खरं सांगा, पीडितांच्या समोर सांगा. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या विशेष न्यायालयाने बंडखोरांच्या सात म्होरक्यांना हजारो अपहरणांबद्दल आठ वर्षांची शिक्षा दिली. तुरुंग नाही, पण बंधनं आणि पीडितांसाठी काम. बऱ्याच पीडितांना ती कमी वाटली, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. तरी आपल्याकडे तेवढंही नाही. त्याच न्यायालयाने लष्करालाही सोडलं नाही. २००२ ते २००८ या काळात ६,४०२ साध्या माणसांना मारून बंडखोर म्हणून दाखवलं, असा आकडा त्यानेच मांडला.

म्हणून सरकारनेही आपली पाटी कोरी समजू नये. सीमेपलीकडे छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात सारकेगुडा इथे जून २०१२ मध्ये सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ जण मेले. ते नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही, असं न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल आयोगाने सांगितलं. हे जगापुढे यायला २०१९ उजाडलं. नक्षलवाद संपवायची तारीख केंद्राने ठरवली, ३१ मार्च २०२६. या घरांना उत्तर देण्याची तारीख कुणी ठरवली?

माझी मागणी साधी आहे. शरण आलेल्या प्रत्येकाचा, त्याच्या हातून आणि त्याच्या देखत झालेल्या हत्यांबद्दल सविस्तर जबाब घ्या. त्यावरून 'अज्ञात' म्हणून मिटवलेल्या फायली उघडा. पोलिसांच्या गोळीने गेलेल्या गावकऱ्यांच्याही उघडा. आणि जे कळेल ते त्या घरी जाऊन माडिया-गोंडीत वाचून दाखवा, मराठीत टाईप करून टपालाने पाठवू नका.