मुरलेल्या तारा

जुनी बेस गिटार विकत घेणाऱ्याची चिकित्सा पाहण्यासारखी असते. नेक उघडून तिच्या टोकाशी घातलेली तारीख वाचायची, पिकअप मूळचेच आहेत ना याची खात्री करायची, भिंग लावून सोल्डर न्याहाळायचं, स्क्रूसुद्धा त्याच काळातले आहेत का ते पाहायचं. १९६५च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएसनं विकत घेतली. त्याआधीची फेंडर असेल तर किंमत अशी चढते की घर घ्यावं की गिटार, असा प्रश्न पडावा. एवढं सगळं निस्तरून बेस हातात आली की हाच गृहस्थ पहिलं काम काय करतो, तर तिच्यावरच्या काळवंडलेल्या तारा काढून कचऱ्यात टाकतो आणि पाकिटातल्या चकचकीत नव्या तारा चढवतो. म्हणजे साठ वर्षांच्या त्या वाद्यात जी एकमेव गोष्ट थरथरते, तीच तेवढी कालची. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. त्याला ऐकू येते ती समोर हलणारी पोलादी तार. लाकडाचा शब्द त्याच्यापर्यंत पोचतो तो तारेच्या मध्यस्थीनंच, आणि मध्यस्थ किती खरं सांगतो हे आपण जाणतोच.

ज्यांच्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याकडे काय होतं ते जरा पाहू. जेम्स जेमरसन हा डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा बेसवादक. ‘माय गर्ल’सारख्या गाण्यांतला खालचा मजला त्याचा. त्याची लाडकी फेंडर प्रिसिजन बेस १९६२ची, आणि तो ती वाजवत होता साठच्या दशकातच. म्हणजे ती जुनी नव्हतीच. दुकानातून आलेली बऱ्यापैकी नवी गिटार होती. तारा मात्र ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड, आणि त्या तुटल्याशिवाय तो बदलत नसे, असं त्याच्याबद्दल सगळेच सांगतात. वर ब्रिजवरचं झाकणही त्यानं काढलं नाही. त्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे, तो तारांना दाबून धरी आणि स्वर फार लांबू देत नसे. (इतरांनी ही झाकणं काढून त्यांत सिगारेटची राख झाडली, त्यांना ‘अ‍ॅशट्रे’ हे नाव पडलं ते त्यामुळेच.) वाजवायला उजव्या हाताचं एकच बोट. थोडक्यात, त्याची बेस नवी आणि तारा जुन्या. आपली बेस जुनी आणि तारा नव्या. घोडं पेंड खातंय ते इथंच. १९८३ साली जेमरसनची ती बेस चोरीला गेली, आणि तिचा पत्ता लागलेला नाही. चोराकडून एवढीच अपेक्षा आहे, की त्यानं तारा बदलल्या नसाव्यात.

यात चमत्कार काही नाही. राउंडवाउंड तारेच्या गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली असते, फ्लॅटवाउंडमध्ये चपटी पट्टी. पट्टीमुळे तार गुळगुळीत होते, बोट सरकताना चिरचिरत नाही आणि वरचे स्वरांश मुळातच कमी निघतात. वापरून वापरून घाम, तेल, कातडीचा चुरा वेटोळ्यांत जाऊन बसला की उरलेसुरले तेही जातात, आणि शिल्लक राहतो तो मूळ स्वर, गुबगुबीत आणि भारदस्त. १९५१मध्ये लिओ फेंडरनं ही बेस गिटार काढली ती उभ्या, अवजड डबल बेसपासून सुटका म्हणून. तिच्याकडून ‘धुम्’ एवढंच अपेक्षित होतं, ‘झण्’ नव्हे. तेव्हा फ्लॅटवाउंड लावणं आणि मग त्यांना हात न लावणं हा निव्वळ आळस नाही. आळसाला इतकं भक्कम ध्वनिशास्त्रीय समर्थन अन्यत्र क्वचितच सापडेल.

आता यावर कुणी जॉन एंटविसलचं नाव काढणारच. ‘द हू’चा हा बेसवादक पियानोसारख्या खणखणीत आवाजासाठी इतका हट्टी, की डॅनइलेक्ट्रो बेसवरच्या बारीक तारा तुटल्या आणि तशा सुट्या मिळेनात तेव्हा त्यानं तारांसाठी अख्खी दुसरी गिटार आणली, असं तो स्वतःच सांगत असे. पुढे १९६६च्या सुमाराला रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून त्यानं हव्या तशा राउंडवाउंड तारा घडवून घेतल्या. बेसवादक जॅको पास्टोरियसनंही त्याच कंपनीच्या राउंडवाउंड आपल्या फ्रेट उपटलेल्या १९६२च्या जॅझ बेसवर चढवल्या. त्या लाकूड कुरतडतात म्हणून फिंगरबोर्डावर इपॉक्सीचा थर दिला. दोघंही थोर, वाद नाही. पण एंटविसलला ताजी तार हवी होती, जुनं वाद्य नव्हे. आणि सत्तरच्या दशकात जॅकोची बेस म्हणजे कुणाचीतरी वापरलेली गिटार होती, म्हणून तर तिच्यावर इपॉक्सी ओतताना त्याचा हात थरथरला नाही. तुमच्या १९६२च्या बेसवर इपॉक्सी ओतायची तयारी असेल तर खुशाल राउंडवाउंड लावा. खणखणाटच हवा असेल तर तो नव्या गिटारीतूनही निघतो, आणि घराचे हप्तेही सुरळीत राहतात. फ्लॅटवाउंड म्हणजे म्हातारपण, असं ज्यांना वाटतं त्यांनी आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसकडे बघावं. हेवी मेटलचा तो धुमाकूळ फ्लॅटवाउंडवरच चालतो.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो ताणाचा. फ्लॅटवाउंड साधारणपणे जास्त ताठ. जेमरसनच्या मापाचा ०.०५२ ते ०.११० इंचांचा संच साठीतल्या नेकवर चढवला तर ती पुढे झुकू शकते. मग तिला सरळ ठेवणारा आतला ट्रस रॉड आवळायचा. पण जुन्या फेंडरमध्ये त्याचा नट नेकच्या बुडाशी असतो, त्यामुळे नेक सैल करा, आवळा, पुन्हा बसवा, वाजवून बघा, पुन्हा उघडा. त्यापेक्षा व्हिएन्नाच्या टोमास्टिक कंपनीच्या जॅझ फ्लॅट्स बऱ्या: ०.०४३ ते ०.१००, ताण बेताचा, किंमत मात्र बेताची नाही. बीटल्सच्या मॅककार्टनीसारखी व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर असेल, तर तिथं ब्रिज स्क्रूनं धरलेलाच नसतो. तारांच्या दाबानं जागेवर उभा असतो. चारही तारा एकदम काढल्या की तो हातात येतो आणि त्याची नेमकी जागा शोधण्यात संध्याकाळ जाते. हे वाद्यच ‘तारा बदलू नका’ म्हणून सांगत असेल तर आणखी पुरावा कशाला हवा?

तरीही मुरलेली तार आणि मेलेली तार यांत फरक आहे, हे मान्य. मुंबई-पणजीच्या पावसाळी हवेत तारेला चढतो तो गंज, त्याला मुरणं म्हणत नाहीत. तो बोटं सोलतो. फ्रेटपाशी खाचा पडून तार बाराव्या फ्रेटवर बेसूर बोलू लागली, तर जेमरसनचं नाव पुढे करून तिला पाठीशी घालू नये. तारा पाण्यात उकळून पुन्हा ताज्या करणारेही आहेत, ते राउंडवाउंडवाले. फ्लॅटवाउंडवाल्यांनी महत्प्रयासानं साठवलेलं तेच तर ते धुऊन काढतात.

राहिला धीराचा प्रश्न. नव्या फ्लॅटवाउंड पहिले काही महिने थोड्या चमकतातच, आणि तेवढं थांबणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून दुसऱ्यानं वाजवून मुरवलेल्या फ्लॅटवाउंड आता विकत मिळतात, घेणारेही आहेत. दुसऱ्याचा घाम पैसे मोजून घ्यायचा, यावर नाक मुरडायचं कारण नाही. १९६२ची बेस घेताना आपण दुसरं काय केलं? फक्त माप पाहून घ्यावं. तारा एकदा खुंटीच्या बेतानं कापलेल्या असतात. ३४ इंची फेंडरवरच्या तारेचा जाड भाग हॉफनरच्या खुंटीत शिरत नाही, आणि हॉफनरवरून काढलेली तार फेंडरच्या खुंटीपर्यंत पोचत नाही.