नोंदवली फियाट, आली पद्मिनी

आमच्याकडे इंग्लंड आणि इटलीचं युद्ध लग्नाच्या पंगतीत चाले. शहापूरच्या काकांची अँबॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. मुरबाडच्या मामाची फियाट म्हणजे तुरिनची अकराशे. पण हे कुळ काढलेलं दोघांनाही खपत नसे. "पंतप्रधान जिच्यात बसतात ती विलायती कशी?" असं काका विचारत. मामाचा मुद्दा बिनतोड होता : "भाऊसाहेब, आमची गाडी कुर्ल्यात बनते, आसनगावहून लोकलनं जाऊन कारखान्याचं फाटक बघून या. तुमची येते थेट बंगालातून!"

काकांचं इंजिन १४८९ सीसीचं, मामाचं १०८९. यावर मामा म्हणे, "बैल मोठा, तर वैरणही मोठी."

दोन्ही गाड्यांचा गिअर स्टिअरिंगला आणि पुढची सीट सलग बाकड्यासारखी, त्यामुळे माणसं किती मावतात हे शेवटपर्यंत ठरलं नाही. वऱ्हाड निघालं की ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर आणि गिअरच्या प्रत्येक बदलाला शेजारच्या पोराची मांडी तयार. म्हसाच्या जत्रेहून घोंगड्या आणायच्या त्या अँबॅसिडरच्या डिकीतून. इथे मामाही गप्प बसे. दिसायला मात्र फियाटच देखणी, हे मी काकांच्या माघारी सांगतो.

एवढी माणसं कोंबल्यावर घाटात थांबावं लागेच. कसाऱ्यात बॉनेट उघडून काका म्हणत, "पाहुण्यांना देखावा दाखवतोय." माळशेजात मामा म्हणे, "इंजिनाला हवा देतोय." दोन्हीकडे पाण्याचा डबा घेऊन झऱ्यावर मीच जाई.

मामानं नोंदवली होती फियाट. तेव्हा गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. नंबर लागेपर्यंत १९७४ उजाडून गाडीचं नाव पद्मिनी झालं होतं. मामानं पेढे वाटले. मामी म्हणाली, "नाव बदलून या घरात मीही आले होते. तेव्हा पेढे माझ्या वडिलांनी वाटले."

अँबॅसिडरचा बंगालातल्या उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली थांबला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा काकांनी सांत्वनाला म्हणून मुरबाडला फोन लावला. मामानं आधीच हिशेब मांडून ठेवला होता : "म्हणजे आम्ही नऊ वर्षांनी जिंकलो."

"टॅक्सी धरायची नाही!" काका कडाडले. "आणि धरायचीच, तर कोलकात्यात आमच्या अजून धावताहेत."

"मग नातवाच्या वऱ्हाडाला तिथूनच मागवा," मामा म्हणाला, "पण डिझेल तुमचं."