घागर आणि चेंडू

1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या क्रीडाशिक्षकाने सज्जाच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकून बास्केटबॉलची प्रतिष्ठापना केली, तेव्हा त्याच्या तेरा कलमी संहितेत चेंडू घेऊन धावण्यास साफ मनाई होती; चेंडू जेथे हाती येईल तेथूनच तो फेकावा, असा त्याचा हुकूम. परंतु चेंडू जमिनीवर आपटून आपणच परत घ्यावा, म्हणजे तो हाती आहेही आणि नाहीही, ही पळवाट खेळाडूंनी लौकरच हुडकली. निजामाच्या अमदानीतील तहसील कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवलेल्या आमच्या मराठवाड्यास मात्र या शोधाचे विशेष अप्रूप नाही. वहिवाट आपली ठेवून कागदोपत्री नामानिराळे राहणे ही विद्या आमच्याकडे जुनीच.

महाविद्यालयात असताना मी लातूरच्या एका संघात, उंचीच्या बळावर नव्हे, तर पाचवा गडी मिळेना म्हणून दाखल झालो. ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू आपटत पुढे जाताना, तो राखावा कसा, याचा आमच्या गुरुजींनी तपशीलवार पाठ दिला होता. प्रतिपक्षी उजवीकडून आला तर चेंडू डाव्या हाती घ्यावा. अंग आडवे करून खांदा मध्ये घालावा. मोकळा हात कोपरात वाकवून छातीपुढे कुंपणासारखा धरावा, मात्र त्याने कोणास ढकलू नये. गुडघे वाकवून टप्पा गुडघ्याखालीच ठेवावा, तोही तळव्याने न देता बोटांनी द्यावा. आणि नजर चेंडूवर न ठेवता समोर ठेवावी. हे सारे मला मुखोद्गत होते. तरीही दुसऱ्या टप्प्यालाच माझ्या चेंडूचा फेरफार प्रतिपक्षाच्या नावे मंजूर होत असे.

मैदानाच्या कोपऱ्यात सार्वजनिक नळ होता, आणि त्याच्या रांगेत आमची मावशी घागर घेऊन तिष्ठत असे. माझी ही फजिती आठवडाभर पाहून एके दिवशी ती तिथूनच कडाडली, “अरे मुडद्या, घागर घेऊन घरी कसा येतोस, तसाच ये की!”

मला साक्षात्कार झाला. धनेगावचे धरण उशाला आणि कोरड घशाला, अशा गावात वाढलेल्या मुलास दुसरे शिक्षण हवेच कशाला? भरली घागर रांगेतून बाहेर काढताना धक्क्याच्या बाजूस खांदा, दूरच्या बाजूस घागर, मोकळ्या हाताचे कोपर पुढे आणि डोळे शेजारणीच्या हालचालींवर, हे मी वयाच्या आठव्या वर्षापासून करीत होतो. सहाशे ग्रॅमचा चेंडू त्यापुढे म्हणजे पोरखेळ. (पुढे 2016 साली मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन लातुरास आली; तत्पूर्वीच प्रशासनाने पाणवठ्यांपाशी 144 कलम लावून पाचांहून अधिकांच्या जमावास मनाई केली होती. बास्केटबॉलचा संघ नेमका पाचांचाच का, हे कोडे मला तेव्हा उलगडले.)

मावशीने कान उघडले त्याच वर्षी अहमदपूर-लोह्याच्या वाटेने एस.टी.त हाडे खिळखिळी करून घेत आम्ही सामन्यासाठी नांदेडास गेलो. गोदाकाठचे ते गडी उदार वृत्तीचे, ऐसपैस टप्पे देणारे. आणि मी मात्र चेंडूवर असा ओणवा झालो होतो की, तो नाहीसा झाल्याचा प्रेक्षकांस संशय यावा. चेंडू कोणीही हिरावू शकले नाही. दुर्दैवाने आमच्या संघासही तो मिळाला नाही, कारण कप्तान “पास दे, पास दे” म्हणून घसा कोरडा करीत असता, भरली घागर वाटेत दुसऱ्याच्या हवाली करण्याची कल्पनाच माझ्या लातुरी बुद्धीस शिवत नव्हती. मध्यरेषा ओलांडण्यास तेव्हा दहा सेकंदांची मुदत असे. ती दोनदा टळली, आणि मुदतवाढीच्या अर्जाची या खेळात तरतूद नसल्याने पंचांनी दोन्ही वेळा चेंडू सरकारजमा केल्यासारखा काढून प्रतिपक्षास बहाल केला.

मध्यंतरात आम्ही पाचही जण मान खाली घालून, एकमेकांशी अबोला धरून बसलो होतो. समोर हातपाय धुऊन गेलेल्या कोणा नांदेडकराने नळ तसाच वाहता ठेवला होता. कप्तानाने डावीकडून, मी उजवीकडून, दोघांनी मधून आणि एकाने बाकावरून उडी मारून, एका शब्दाचीही खूण न करता, एकाच क्षणी त्या नळावर झडप घातली. आमच्या संघाची त्या दिवसातील तेवढीच एक सांघिक चाल.