आमचा किशोर

मराठी माणूस पहिल्या भेटीत पगार विचारत नाही, आडनावावरून गाव आडवळणाने काढतो, पण "तुम्ही रफीवाले की किशोरवाले?" हा प्रश्न चहा येण्याआधी थेट तोंडावर विचारतो. पुढे संबंध किती वाढवायचा ते उत्तरावर ठरतं. "मला दोघेही आवडतात" म्हणणाऱ्याला चहा मिळतो, पण त्याच्यासमोर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. ज्याला बाजू नाही त्याच्याशी भांडायचं कसं, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याशी बोलायचं तरी काय?

दोघांतला रफीवाला तसा सौम्य. तो 'रफीसाब' म्हणतो आणि म्हणताना त्याचा हात नकळत छातीकडे जातो. किशोरवाला मात्र सरळ 'आमचा किशोर' म्हणून मोकळा होतो, जणू खंडव्याच्या शाळेत दोघं एका बाकावर बसत होते. रसिक वगैरे तो नंतर; आधी तो किशोरकुमारचा वकील आहे. वकीलपत्रावर अशिलाची सही नाही, अशील १९८७ सालीच गेला, फी मिळायची आशा नाही; तरी हा एकही तारीख चुकवत नाही.

किशोरवाला साधारण साठीच्या अल्याड-पल्याड सापडतो. बँक, विमा, वीज मंडळ अशा ठिकाणी नोकरी करून निवृत्त झालेला, नाहीतर निवृत्तीचे दिवस मोजणारा. 'आराधना' आला तेव्हा, म्हणजे १९६९ साली, तो पहिलीत पाटी पुसत होता. पण त्या गाण्यांच्या वेळी सचिनदा काय म्हणाले, पंचम कुठे उभा होता, हे तो अशा थाटात सांगतो की स्टुडिओत चहा यानेच नेऊन दिला असावा. फोनला रिंगटोन योडलिंगची. एकदा दहाव्याला घाटावर सगळे कावळा शिवायची वाट बघत गप्प उभे होते, आणि याच्या खिशात किशोर सुरू झाला. माणसं चमकून वळली. गेलेल्यांचा धाकटा भाऊ जवळ आला आणि हळूच म्हणाला, "'झुमरू' ना हो?" मग दोघं बाजूला जाऊन असे रंगले की कावळा कधी शिवला, ते दोघांनाही कळलं नाही.

अशिलाची बाजू मांडताना किशोरवाल्याचा कायदा अगदी सोपा असतो. गाणं चांगलं झालं तर ते किशोरमुळे. वाईट झालं तर संगीतकारामुळे. 'अमर प्रेम'ची गाणी कोणी केली, तर किशोरने. पंचमचं नाव नंतर, सवड मिळाली तर. १९८३ सालच्या 'हिम्मतवाला'चा विषय निघाला की मात्र तो बप्पी लाहिरींचं नाव पूर्ण, आडनावासकट घेतो. "अरे, तो काळच तसला. त्याने काय करायचं? माईकपुढे कागद ठेवला, गायला बिचारा." बिचारा हा शब्द तो किशोरसाठी इथे एकदाच वापरतो.

किशोरवाल्यांतही पुन्हा पोटभेद आहेत. 'आराधना'च्या आधीचे आणि 'आराधना'च्या नंतरचे. आधीच्यांच्या मते खरा किशोर 'फंटूश'चा आणि 'नौ दो ग्यारह'चा. देव आनंदसाठी गायचा तो. पुढे राजेश खन्ना आला, गर्दी झाली आणि सोवळं सुटलं. नंतरच्यांना हा चोखंदळपणा ढोंगी वाटतो. या दोघांचं आपसांत इतकं वाजतं की मधल्या काळात रफीवाला निवांत शेंगदाणे खाऊन घेतो.

हा खटला रोज सकाळी बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर उभा राहतो.

"आठ विरुद्ध सहा," किशोरवाला बसता बसता म्हणतो. नवा माणूस समजतो, कालच्या मॅचचं चाललंय. चाललेलं असतं फिल्मफेअरचं: किशोरला आठ, रफीला सहा.

"बरं. आणि राष्ट्रीय पुरस्कार?" रफीवाला बुटाची लेस बांधत विचारतो. "रफीसाबना मिळाला, 'हम किसीसे कम नहीं'साठी. पद्मश्री तर १९६७ लाच मिळाली होती. तुझ्याकडे काय आहे?"

"तेच तर! सरकारपुढे वाकला नाही आमचा माणूस. आणीबाणीत काँग्रेसच्या कार्यक्रमात गायला नाही म्हणाला. १९७६ साली रेडिओवरून, दूरदर्शनवरून त्याची गाणी बंद केली त्यांनी. बंद! गाण्यावर बंदी घालावी लागते यातच सगळं आलं."

"बंदी हा पुरस्कार झाला?"

"आमच्यात तोच."

"'रागिनी'," रफीवाला अगदी बारीक आवाजात म्हणतो.

कट्ट्यावर शांतता पसरते. 'रागिनी' हा रफीवाल्याचा हुकमी पत्ता. १९५८ चा हा सिनेमा. पडद्यावर नायक स्वतः किशोरकुमार, आणि ओ. पी. नय्यरनी त्यातल्या एका शास्त्रीय ढंगाच्या गाण्याला आवाज घेतला रफीचा.

"हे बघ, 'रागिनी' काढायची नाही असं आपलं ठरलं होतं."

"मग 'शरारत' काढू?" 'शरारत' पुढच्याच वर्षीचा. त्यातही तोच प्रकार, फक्त संगीतकार शंकर-जयकिशन.

किशोरवाला उठतो, एक फेरी मारून येतो आणि नवा पुरावा दाखल करतो. "१९८४ चं 'शराबी'. फिल्मफेअरला पुरुष गायकाची चार नामांकनं, चारही त्या एका सिनेमाची आणि चारही किशोरची. हरला तरी किशोर, जिंकला तरी किशोर. सांग, दुसऱ्या कोणाचं झालंय असं?" रफीसाब १९८० सालीच गेले होते, हे रफीवाला सुचवून बघतो, पण किशोरवाला वेळेचं कारण देऊन कोर्ट उठवतो.

असल्या भांडणात किशोरवाला सहसा हरत नाही. त्याची खरी गोची होते ती अशिलाच्या चालचलणुकीवर प्रश्न निघाला की. किशोरकुमारच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी जगाला पाठ आहेत, आणि त्या पाठ करून घेतल्यात यानेच. निर्मात्याने अर्धे पैसे दिले म्हणून अर्ध्याच चेहऱ्याला मेकअप करून सेटवर आल्याची गोष्ट. दारावर लावलेल्या 'किशोरपासून सावध राहा' या पाटीची गोष्ट. बागेतल्या झाडांना नावं ठेवून त्यांच्याशी गप्पा मारण्याची गोष्ट. लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना तो या गोष्टी साभिनय सांगतो. दर वेळी निर्माता बदलतो, रक्कम थोडी वाढते, मेकअप कधी डाव्या गालावर असतो तर कधी उजव्या. ऐकणारे पोट धरून हसतात. आणि मग त्यांतला एखादा अजाण माणूस डोळे पुसत म्हणतो, "म्हणजे जरा सटकलेलाच होता म्हणा की!"

झालं. किशोरवाल्याचा चेहरा पडतो. "सटकलेला? कोण म्हणतं? अरे, तो सगळ्यांत शहाणा होता. वेड पांघरलं होतं त्याने. हे बुडवे निर्माते, त्यांच्याकडून पैसे काढायचे तर दुसरा उपाय काय?" पाच मिनिटांपूर्वी ज्याला याने झाडांशी बोलायला लावलं, त्याला आता हा हिशेबात चोख, व्यवहारात पक्का आणि मनाने संन्यासी ठरवतो. किशोरला वेडा म्हणण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे राखून ठेवलेला आहे.

पैशाचंही तेच. किशोर चिक्कू होता म्हटलं की हा ताडकन सत्यजित राय काढतो. 'पथेर पांचाली' पैशांवाचून अडला तेव्हा पाच हजार कोणी दिले? 'चारुलता'त रवींद्रसंगीत गायला तेव्हा एक पैसा तरी घेतला का? हे सांगताना त्याला इतका उमाळा येतो की चहाचे पैसे द्यायचं भान राहत नाही. ते रफीवाला देतो.

चार लग्नांचा मुद्दा निघाला की वकील प्रथमच सावध होतो. रुमादेवी, मधुबाला, योगिता बाली, लीना चंदावरकर ही नावं तो सलग घेत नाही. "खासगी आयुष्य वेगळं, कला वेगळी," हे पहिलं वाक्य. मग मधुबालेचं हृदयाचं दुखणं, त्यामुळे डोळ्यांत पाणी, आणि पाण्याच्या आडून विषय बदल. अगदीच कोंडीत सापडला तर म्हणतो, "शेवटी चंदावरकर म्हणजे आपल्याकडचंच नाव की!" चौथं लग्न असं महाराष्ट्राच्या खात्यावर जमा केलं की पहिल्या तिघींची चौकशी करायला कोणी धजत नाही. रफीवर मात्र या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही, याचा त्याला मनातून राग आहे. "इतका सज्जन माणूस! त्याला दुःख काय कळणार?" हा त्याचा रफीवरचा सर्वांत मोठा आरोप.

मराठीपणाचा पुरावाही तयार असतो. रफीवाला श्रीकांत ठाकरेंनी रफीकडून गाऊन घेतलेल्या मराठी गाण्यांची यादी काढतो, आणि ती चांगली लांब आहे. किशोरवाल्याकडे घोळवायला मुख्यतः 'गंमत जंमत'मधलं गाणं आहे. सिनेमा १९८७ चा, आणि किशोर गेला त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला. "मराठीत गाऊन गेला रे!" असं तो म्हणतो, तेव्हा त्या माणसाने सगळं आयुष्य या एका गाण्याच्या तयारीत घालवलं असं वाटावं.

किशोर गाणं शिकला नव्हता, याचा त्याला फार अभिमान. "गुरू नाही, गंडा नाही, रियाज नाही. देवाने वरूनच पाठवला." हे तो नातीला गाण्याच्या क्लासला सोडायला जाताना, स्कूटरवर, तिला ओरडून सांगतो. नातीने क्लासला दांडी मारायची म्हटलं की मात्र, "सारेगम पक्कं नसेल तर काय गाणार आहेस, कप्पाळ?"

घरात त्याचं वक्तृत्व तितकंसं चालत नाही. पाहुणे आले की तो 'हाफ टिकट'ची गोष्ट सुरू करतो. १९६२ साल, सलील चौधरींचं संगीत, द्वंद्वगीत, लताबाई येऊ शकल्या नाहीत, आणि मग... इथे तो थांबतो, पाहुण्यांकडे बघतो. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज येतो, "मग बाईचा आणि पुरुषाचा, दोन्ही आवाज त्यानेच काढले, आणि पडद्यावर समोर प्राण होता. आता भाजी आणताय, का मी जाऊ?" लग्नाला पस्तीस-चाळीस वर्षं झाली की ऐकणाऱ्याकडेही सनद येते. मुलगी कोरियन पोरांच्या गाण्यांची दिवाणी. त्या पोरांपैकी कोण बरा, कोणाची अलीकडे हवा बदलली, यावर ती मैत्रिणींशी तासन्‌तास वाद घालते. "कोण कुठली पोरं, त्यांच्यासाठी भांडता कसल्या?" असं तो एकदा म्हणाला. तिने काही न बोलता त्याच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. पाकिटात पुढच्या कप्प्यात किशोरचा फोटो आहे. बायकोचा मागे, पॅनकार्डाच्या आड.

आयुष्यात एकदा तरी तो खंडव्याला जातो. भुसावळ सोडलं की त्याला झोप लागत नाही. बुऱ्हाणपूर गेलं की बॅग खांद्याला. मध्यरात्री गाडी खंडव्याला लागते तेव्हा सगळ्या डब्याला उठवून "आलं बरं का!" म्हणतो, डबा इटारसीला, नाहीतर आणखी पुढे चाललेला असतो. किशोरच्या समाधीवर दूध-जलेबीचा प्रसाद वाहतो, साखरेमुळे डॉक्टरांनी बंद केलेली जलेबी तीर्थक्षेत्र म्हणून खातो, आणि परत येऊन कट्ट्यावर अर्धा किलो वाटतो. रफीवालाही घेतो. दोन घेतो.

४ ऑगस्ट हा जन्मदिवस आणि १३ ऑक्टोबर ही पुण्यतिथी, हे त्याचे वर्षाचे दोन सण. त्या दिवशी गावातला एखादा हॉल घेऊन कराओकेचा कार्यक्रम होतो. गाणाऱ्यांनी वर्गणी भरायची आणि ऐकायला घरच्यांना आणायचं, अशी पद्धत. कोट, गळ्याला मफलर, शब्दांसाठी हातात टॅब. ट्रॅक लावणारा लॅपटॉपवरचा पोरगा विचारतो, "काका, एक पट्टी खाली घेऊ का?" त्यावर "ओरिजिनल स्केल!" असं बाणेदार उत्तर. इको मात्र थोडा वाढवून मागतो.

गाण्याआधी बोलायचं असतंच. या वर्षी त्याने कुंदनलाल सैगलची गोष्ट सांगितली. किशोर सैगलचा केवढा भक्त! सैगलची गाणी गाऊन रेकॉर्ड काढा, अशी गळ त्याला घातली गेली. किशोरने साफ नाही म्हटलं. का? तर उद्या लोकांनी ऐकलं आणि कोणी म्हणालं की किशोर सैगलपेक्षा बरा गातो, तर काय करायचं? गुरूच्या जागी असलेल्या माणसाशी आपली तुलनासुद्धा व्हायला नको, म्हणून गायला नाही. "याला म्हणतात भक्ती!" किशोरवाल्याचा आवाज भरून आला. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या रफीवाल्यानेही टाळी वाजवली.

मग त्याने चष्मा पुसला, लॅपटॉपवाल्या पोराला खूण केली आणि किशोरची तीन गाणी पाठोपाठ म्हटली. वर्गणी दोन गाण्यांचीच भरली होती. किशोरला जी भीती होती, ती याला नाही. किशोरपेक्षा बरा गातोस, असं त्याला आजवर कोणी म्हणालेलं नाही.