देशातला आणखी एक पहिला

सोलापूरला समुद्र नाही. उजनीचं धरण आहे, तेही उन्हाळ्यात 'मायनस'मध्ये जातं. तरी लाटांवरच्या विजेची बातमी आम्ही चवीने वाचतो. दुसऱ्याच्या पाण्याचा हिशेब ठेवायची सवय जुनीच.

फेब्रुवारी 2025 मध्ये भारत पेट्रोलियमने इस्रायलच्या इको वेव्ह पॉवर कंपनीशी करार केला. मुंबईत लाटांवर वीज, क्षमता 100 किलोवॉट. 'देशातला पहिला प्रकल्प' असा गजर झाला.

पहिला?

मग 1991 साली केरळात विझिंजमला उभं राहिलं ते काय होतं? मद्रास आयआयटीच्या मंडळींचं 150 किलोवॉटचं केंद्र! लाट आत शिरली की काँक्रीटच्या खोलीतली हवा दाबली जायची आणि त्या हवेवर टर्बाइन फिरायचं. पुढे त्याच लाटांच्या जोरावर समुद्राचं पाणी गोडही करून दाखवलं. 2011 मध्ये सगळं मोडीत. आठवणीसकट.

मुंबईची युक्ती वेगळी आहे. बंदराच्या भिंतीला तरंगते हात लावायचे. ते लाटेबरोबर खाली-वर झाले की पिस्टन दाबले जातात आणि त्या दाबावर जमिनीवरचं जनित्र फिरतं. नाजूक यंत्र कोरड्यात राहतं. हुशारी आहे, नाही कशाला म्हणा?

पण 100 किलोवॉट म्हणजे किती? पाच एचपीच्या सव्वीस-सत्तावीस मोटारी. मोहोळकडे एखाद्या ओढ्याकाठी तेवढ्या सापडतील, आकडे टाकलेल्या वेगळ्या.

आमच्या फताटेवाडीचं एनटीपीसीचं औष्णिक केंद्र 1320 मेगावॉटचं. त्याची बरोबरी करायला असे 13 हजार 200 प्रकल्प लागतील. तेवढ्या फिती कापायला मंत्री पुरणार नाहीत.

की पुरतील?

सागरी ऊर्जा ही नवीकरणीय ऊर्जा आहे, असं केंद्राने 2019 च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं. लाटांना तोवर कळवलेलं नव्हतं.

देशाच्या किनाऱ्यावर लाटांतून सुमारे 40 हजार मेगावॉट मिळू शकतील, असा अंदाज आहे. कागदावरचा. कागदाला खारी हवा बाधत नाही.

लोखंडाला बाधते. गंज खरवडायचा, शंख-शिंपले काढायचे, पावसाळ्यात निखळलेला हात पुन्हा बसवायचा. याची तरतूद दहाव्या वर्षी कोणत्या खात्यात असते? जाऊन विचारा. साहेब जागेवर नसतील. देशातल्या पुढच्या पहिल्या प्रकल्पाच्या भूमिपूजनाला गेले असतील.