बोट गाठायची, पण कुणाच्या विमानानं?

क्रूझ कंपन्यांचा भूगोल शाळेतल्या भूगोलापेक्षा फार उदार असतो. त्यांच्या रंगीत पुस्तिकेत रोम समुद्रकाठी वसलेलं असतं, पॅरिसला बंदर असतं आणि बर्लिनच्या धक्क्याला सकाळी सात वाजता बोट लागते. प्रत्यक्षात त्यांचं रोम म्हणजे चिविताव्हेक्या, शहरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. पॅरिस म्हणजे ल हाव्र, चांगलं दोनशे किलोमीटर. आणि बर्लिन म्हणजे वार्नेम्युंडे, म्हणजे कोल्हापूरला उतरवून ‘आलं बघा पुणं’ म्हणण्यातला प्रकार. व्हेनिसची तर आणखी गंमत. इटलीच्या सरकारनं १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या बोटींना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी घातली, तेव्हापासून काही कंपन्यांचं व्हेनिस रावेन्नाला भरतं. तिथून खरं व्हेनिस दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण पुस्तिकेतला गोंडोला जागचा हललेला नाही. या भूगोलाचा विमानाच्या तिकिटाशी फार जवळचा संबंध आहे. विमान खऱ्या रोमला उतरतं आणि बोट पुस्तिकेतल्या रोमहून सुटते. मधलं अंतर कोण कापणार, किती वेळात कापणार आणि नाहीच कापलं गेलं तर बोंब कुणाच्या नावानं मारायची, या तीन प्रश्नांवर क्रूझ कंपन्यांचा विमानतिकिटं विकण्याचा जोडधंदा उभा आहे.

हा धंदा अमेरिकेत जोरात चालतो. केबिन निवडून झाली, बाल्कनी हवी की नको यावर नवरा-बायकोचं बोलून (किंवा न बोलून) झालं, की पडद्यावर नम्र प्रश्न येतो: विमानाचंही आम्हीच बघू का? प्रिन्सेसकडे या सोयीचं नाव ‘ईझीएअर’, रॉयल कॅरिबियनकडे ‘एअर टू सी’, हॉलंड अमेरिकाकडे ‘फ्लाइट ईज’. नावं वेगळी, गोडवा तोच. तिकीट आमच्याकडून काढा. विमानाला उशीर झाला तर तुम्हाला बोटीपर्यंत, नाहीतर बोटीच्या पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी आमची. हे वाचून प्रवाशांचे दोन पंथ पडतात. एक पंथ डोळे मिटून होकार देतो. दुसरा रात्री दीडला उठून लॅपटॉपवर स्वस्त विमानं शोधतो आणि सकाळी चाळीस डॉलर वाचवल्याचा विजयी चेहरा घेऊन चहाला येतो. दोन्ही पंथांचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालेल असा आहे, आणि माझ्या मते तो चुकीच्या मुद्द्यावर चाललाय. तिकीट कुणी विकलं याला फारसं महत्त्व नाही. तुम्ही बंदराच्या गावात कोणत्या तारखेला उतरता, याला आहे. आदल्या दिवशी उतरणाऱ्याला कंपनीच्या हमीची गरज पडत नाही आणि त्याच दिवशी उतरणाऱ्याला ती हमी ऐनवेळी पुरत नाही.

आधी घड्याळ बघू. बोट दुपारी चारला सुटते असं तिकिटावर छापलेलं असतं, पण चेक-इन त्याआधी तास-दीड तास बंद होतं. म्हणजे तुमची बोट खरं तर अडीच-तीनलाच सुटली. विमान बाराला उतरलं, बॅग फिरत्या पट्ट्यावर यायला पाऊण तास गेला. मायामीत हे निभतं, फोर्ट लॉडरडेलला तर विमानतळ आणि बंदर शेजारी-शेजारीच आहेत. पण ओरलँडोला उतरून पोर्ट कॅनाव्हरलला जायचं तर सत्तर किलोमीटर रस्ता, ह्यूस्टनच्या मोठ्या विमानतळावरून गॅल्व्हेस्टनला जायचं तर शंभराच्या वर. त्यात एका ट्रकनं रस्त्यात आडवं व्हायचं ठरवलं, की संपलंच. हा झाला साधा उशीर. असाधारण उशीर बघायचा तर डिसेंबर २०२२ आठवा. नाताळच्या आठवड्यात साउथवेस्ट एअरलाइन्सची सोळा हजारांवर विमानं रद्द झाली, आणि नाताळचा आठवडा म्हणजे क्रूझवाल्यांचाही ऐन हंगाम. किंवा एप्रिल २०१० घ्या. आइसलँडमधल्या एका ज्वालामुखीनं राख उडवली आणि युरोपच्या बऱ्याच भागातलं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद पडलं. अशा वेळी तिकीट स्वतः काढलेला आणि कंपनीकडून काढलेला असे दोघंही एकाच विमानतळावर, एकाच खांबाला टेकून, एकाच प्लगसाठी भांडत बसलेले असतात. विमानच उडत नसेल तर हमी देणारा काय खांद्यावर बसवून नेणार? हां, आदल्या दिवशी निघालेल्याला निदान दुसऱ्या विमानासाठी एक अख्खा दिवस हाताशी असतो. ज्वालामुखीपुढे तोही हात टेकतो हे कबूल, पण ज्वालामुखी रोज फुटत नाहीत. विमानं रोज लेट होतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की कंपनी आपल्या प्रवाशांसाठी बोट थांबवते. थांबवते की! एका विमानात तिची दीडशे गिऱ्हाइकं अडकली असतील तर थांबवायचा विचार नक्की करते. दोघांसाठी थांबत नाही. बंदराची वेळ ठरलेली, भरती-ओहोटी कुणाची नातेवाईक नाही आणि आत बसलेल्या तीन हजार लोकांनी जेवणाची वेळ विचारायला केव्हाच सुरुवात केलेली असते. कॅरिबियनमधल्या कुठल्याही धक्क्यावर हे दृश्य बघायला मिळतं: हातात रमच्या बाटल्यांची पिशवी, एका पायात चप्पल, दुसरी मागे कुठेतरी, असं एक जोडपं धावत येतंय आणि वरच्या बाल्कन्यांमधून शेकडो सहप्रवासी टाळ्या वाजवतायत, मोबाइलवर चित्रण करतायत. बोटीवरची शिडी मात्र ठरल्या वेळी आत ओढली जाते. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या साओ तोमे बेटावर आठ प्रवासी असेच मागे राहिले. त्यांचं विमान चुकलं नव्हतं, खासगी सहलीवरून परतायला उशीर झाला होता. देशोदेशी फिरत ते पुढचं बंदर गाठायला गांबियाला पोचले, तर ओहोटीमुळे बोटीनं तिथं थांबायचंच रद्द केलेलं. शेवटी सेनेगलमध्ये, डकारला, त्यांची आणि बोटीची गाठ पडली. पुढचं बंदर हे आश्वासन म्हणून फार सुंदर आहे, पण ते बंदर जागेवर असलं तरी बोट तिथं येईलच असं नाही.

बरं, बोट आली आणि तुम्हीही पोचलात, तरी चढू देतीलच असंही नाही. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा अजून जिवंत आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला एका अमेरिकन बंदरातून घेतलेला प्रवासी दुसऱ्या अमेरिकन बंदरात सोडता येत नाही, मध्ये एखादं दूरचं परदेशी बंदर लागलं तरच चालतं. आणि बहुतेक सगळ्या मोठ्या क्रूझ बोटींवर झेंडा असतो बहामाचा, पनामाचा नाहीतर बर्म्युडाचा. आता समजा, सिॲटलहून अलास्काला जाणारी बोट तुमच्या डोळ्यांदेखत गेली. पुढची बंदरं ज्यूनो, केचिकन, सगळी अमेरिकन. तिथं चढून सिॲटलला उतरलात तर कायदाभंग, त्याचा दंड शेवटी तुमच्याच माथी, म्हणून कंपनी सहसा चढूच देत नाही. कायद्यात बसेल असं बंदर म्हणजे कॅनडातलं व्हिक्टोरिया, आणि ते बहुतेक फेऱ्यांत शेवटच्या संध्याकाळी येतं. म्हणजे हमी शब्दशः पाळली जाते, पुढच्या बंदरात बोट मिळते, फक्त हिमनद्या बघून झालेल्या असतात आणि लोक बॅगा भरत असतात. शिवाय एका अमेरिकन बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या फेऱ्यांवर अमेरिकन नागरिकाला जन्मदाखला आणि फोटो ओळखपत्रावर जाता येतं, पासपोर्ट लागतोच असं नाही. अशा गृहस्थाला पुढच्या बंदरापर्यंत विमानानं कसं नेणार? परदेशी विमानतळावर उतरायला जन्मदाखला चालत नाही.

आता प्रत्यक्ष तिकिटाकडे वळू. क्रूझ कंपन्या विमान कंपन्यांशी घाऊक भावाचे करार करतात, आणि घाऊक मालाचे गुण-दोष त्यात उतरतात. स्वस्तातलं तिकीट घेतलंत तर प्रवासाचा आराखडा अनेकदा कंपनीच्या सोयीनं बनतो: पहाटे पाच चाळीसचं उड्डाण, मध्ये शार्लटला पाच तासांचा मुक्काम, नवरा २१-ई मध्ये, बायको ३८-बी मध्ये, दोघंही मधल्या सीटवर, दोघांच्या दोन्ही बाजूंना झोपलेले अनोळखी लोक. (काही जोडप्यांना हीच सहलीची खरी सुरुवात वाटेल, तो भाग वेगळा.) मनासारखी वेळ किंवा मार्ग हवा असेल तर काही ठिकाणी वेगळी फी. बदल करायचा तर विमान कंपनीचा काउंटर सांगतो की तिकीट क्रूझवाल्यांचं आहे, त्यांना फोन करा; क्रूझवाल्यांचा फोन सांगतो की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग वीस मिनिटं सतार वाजवतो. तिकीट थेट विमान कंपनीकडून काढलं आणि उड्डाणाला सात दिवस किंवा जास्त असतील, तर चोवीस तासांत विनादंड रद्द करायची मुभा अमेरिकेतल्या नियमानं मिळते. मध्यस्थाकडून काढल्यावर ती मिळेलच असं धरून चालता येत नाही.

तरीही कंपनीची तिकिटं सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. एका बाबतीत त्यांच्यापुढे कुणी टिकत नाही, आणि ती म्हणजे एकेरी प्रवास. दर वसंतात कॅरिबियनमधल्या बोटी भूमध्य समुद्राकडे निघतात आणि दर शरदात परततात. त्या फेऱ्या बऱ्याचदा स्वस्त असतात, पण माणूस मायामीला चढतो आणि बार्सिलोनाला उतरतो. आता एकेरी परत यायचं तिकीट नेहमीच्या मोठ्या विमान कंपन्यांकडे बघावं, तर जाऊन-येऊन तिकिटाइतकं, कधी त्याहूनही महाग. हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे. क्रूझ कंपनीच्या घाऊक करारात मात्र एकेरी भाडं एकेरीसारखं असतं. अशा वेळी खुशाल त्यांच्याकडून घ्यावं. दुसरा फायदा पैशांचा: काही योजनांमध्ये भाडं आज पक्कं होतं आणि पैसे क्रूझच्या शेवटच्या हप्त्याबरोबर द्यावे लागतात. मध्ये भाव पडला तर बदलूनही घेता येतं. हा खरोखर सोयीचा व्यवहार आहे, आणि यातलं कुठलंही तिकीट आदल्या दिवसाचंही मागता येतं, हे विसरायचं नाही. ‘विमान मोफत’ या पाटीकडे मात्र जरा चष्मा लावून बघा. काही महागड्या कंपन्यांना विचारलंत की आम्हाला तुमचं मोफत विमान नको, तर त्या भाड्यातून अमुक इतके डॉलर कमी करून देतात. त्या मोफत तिकिटाची किंमत नेमकी तेवढी, आणि ती त्यांनीच सांगितलेली आहे.

न्यू जर्सीतल्या आणि टेक्सासमधल्या मराठी घरांत या वादाला आणखी एक पदर असतो. पुण्याहून किंवा नाशिकहून आई-बाबा येतात, मुलगा त्यांना क्रूझवर न्यायचं ठरवतो आणि बाबा म्हणतात, “आपलं तिकीट कंपनीचंच असू दे रे बाळा. काही झालं तर विचारायला माणूस असावा.” बाबांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्ध्या रात्री जाब विचारायला कुणीतरी असणं, ही मनःशांतीची एक वेगळीच जात आहे, आणि तिच्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतात. पण ज्या संगणकानं मार्ग निवडला त्याला बाबांच्या हातातला पासपोर्ट निळा आहे हे ठाऊक असेलच असं नाही. समजा बोट युरोपातली आहे आणि आई-बाबा थेट भारतातून निघालेत. भारतीय पासपोर्ट आणि त्यावर फक्त शेंगेनचा पर्यटक व्हिसा असेल, तर मुंबईहून बार्सिलोनाला जाताना लंडनला नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच प्रवास संपतो. कागदपत्रं बघायची जबाबदारी प्रवाशाची, असं कंपनीच्या कराराच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि ती अक्षरं वाचायला बाबांचा चष्मा बॅगेत, बॅग चेक-इनला.

शेवटचा आक्षेप खिशाचा. आदल्या दिवशी पोचायचं म्हणजे हॉटेलची एक रात्र, वरचं जेवण, टॅक्सी. मायामीत हंगामात हे दीडशे-दोनशे डॉलर सहज खातं. मान्य. पण दोघांच्या केबिनला दोन-तीन हजार मोजणारा माणूस ती केबिन रिकामी जाऊ नये म्हणून दोनशे डॉलर द्यायला का कचरतो, हे मला समजत नाही. त्याच बोटीवर तो पेयांच्या पॅकेजला त्याहून जास्त घालवतो आणि पहिल्या दिवशी लिंबूपाणीच पितो. विम्याचं म्हणाल तर विमान चुकण्याचं कलम बहुतेक पॉलिसींत काही ठरावीक तासांच्या उशिरानंतरच जागं होतं आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे परत देतं. विमा जरूर काढावा, पण तो पैसे देतो, बोट आणून देत नाही.

एकाच ठिकाणी हा सगळा युक्तिवाद मी खाली ठेवतो. अंटार्क्टिकाच्या बोटी अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिण टोकावरच्या उशुआयाहून सुटतात, आणि बऱ्याच कंपन्या ब्यूनोस आयरेसहून स्वतःचं खास विमान करून सगळ्यांना तिथं नेतात. इथं स्वतंत्र तिकीट काढून शहाणपणा दाखवण्यात अर्थ नाही. बोटीतले बहुतेक सगळे प्रवासी त्या एकाच विमानात असतात, त्यामुळे विमान लेट झालं तर बोटीला घेऊन निघायला फारसं कुणी उरतच नाही. ती थांबते. पुढे ड्रेक सामुद्रधुनीतले जवळजवळ दोन दिवस सगळे आडवे असतात, आणि तिकीट कुणाकडून किती स्वस्तात काढलं याची चौकशी करायला कुणी जेवणाच्या टेबलापर्यंत पोचत नाही.